कशापेक्षा बेटर?

माझ्या वर्गात दप्तर घेऊन कुणी येत नाही. येणाऱ्यांच्या हातात एखादी कापडी पिशवी असते आणि पिशवीत आपला डबा, दुसऱ्याच्या घराची किल्ली, दुसऱ्याच्याच औषधांची चिठ्ठी. वर्गाची वेळ दुपारी दोनची, कारण म्हातारी माणसं तेव्हा झोपतात. माझ्या विद्यार्थिनी म्हणजे या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या बाया. शेजारणीला "जरा लक्ष ठेव ने" असं सांगून त्या तासाभरासाठी निसटतात, लहरीपुऱ्याजवळ एका बांगडीवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत जिना चढून येतात आणि इंग्रजी शिकतात.

इंग्रजी कशाला, असं बाहेरगावचा माणूस विचारतो. बडोद्याच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. इथे प्रत्येक गल्लीत एखादं तरी घर असं असतं की मुलं परदेशात, आईवडील इथे आणि दोघांच्या मधे एक बाई. मुलं मराठी किंवा गुजराती बोलतात, पण सुना-जावई कुठले कुठले असतात आणि नातवंडांना इंग्रजीशिवाय दुसरं काही येत नाही. संध्याकाळी तिकडून फोन येतो. "आजी कशी आहे?" या प्रश्नाचं उत्तर त्या बाईला इंग्रजीत द्यावं लागतं. ते उत्तर नीट देता यावं, एवढंच मी शिकवते.

मी स्वतः नंदुरबारकडच्या एका लहान गावातली. वडील लाकडाच्या वखारीत कामाला होते. शाळा मराठी, इंग्रजी पाचवीपासून. आमच्या सरांनी 'गुड, बेटर, बेस्ट' आणि 'बॅड, वर्स, वर्स्ट' हे पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं. अर्थ कुणी विचारला नाही, पण पाठ झालं ते कायमचं. त्या सरांनी वडिलांना वखारीत जाऊन समजावलं म्हणून मी कॉलेजात गेले, घरातली पहिली पदवीधर झाले. लग्नानंतर रेल्वेत नोकरी करणाऱ्या नवऱ्याबरोबर बडोद्याला आले, शाळेत शिकवलं, निवृत्त झाले. हा वर्ग त्यानंतरचा. शाळेत मी मुलांना मार्कांसाठी इंग्रजी शिकवलं. इंग्रजी खरोखर कामाला येताना पाहिलं ते या खोलीत आल्यावर.

आमच्या कामात सगळ्यात जास्त लागणारा शब्द म्हणजे 'बेटर'. तो समजावणं वाटतं तेवढं सोपं नाही. मराठीत आपण तुलना करतो तेव्हा विशेषण जागचं हलत नाही. उंच तो उंचच राहतो, 'पेक्षा' सगळं काम करतं. इंग्रजीत तो शब्दच बदलतो. लहान शब्दाला शेपूट फुटतं, 'टॉल'चं 'टॉलर' होतं. मोठ्या शब्दापुढे 'मोअर' हमालासारखा चालतो. आणि 'गुड' तर कपडेच बदलून 'बेटर' होऊन येतो. आमच्या बडोद्याला तेवढ्याने समाधान होत नाही. सेव उसळीवर जशी वरून आणखी सेव, तसं इथे सगळे 'मोअर बेटर' म्हणतात. ते मी दुरुस्त करते, पण त्याने कुणाचं काही अडत नाही.

अडतं ते अर्थापाशी. 'बेटर' म्हणजे चांगलं नव्हे. काल ताप एकशेतीन होता आणि आज एकशेदोन आहे, तर पेशंट 'बेटर' आहे, पण अंग भाजतंच आहे. हा शब्द एकटा काहीच सांगत नाही. शेजारी दुसरं काहीतरी ठेवलं की मगच तो बोलायला लागतो. म्हणून मी वर्गात वस्तू जोडीने आणते. दोन वांगी, दोन कुलपं, दोन पेले. "जोडी मांडा, मग बोला," हा माझा नियम. कुणी नुसतंच "शी इज बेटर" म्हणालं की मी विचारते, "कशापेक्षा?" इतक्या वेळा विचारते, की बाया आपसात मला 'कशापेक्षाबेन' म्हणतात. मला ते माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही.

वर्गात मजाही असते. हंसाबेन नावाची एक गुजराती बाई एका शेठाणीला सांभाळते. 'फॅट, फॅटर' शिकवलं तेव्हा ती अडून बसली.

"बेन, हे मी नाही बोलणार. शेठाणी पगार देते."

"अगं, वाक्य तर कर. ती कुठे ऐकतेय?"

हंसाबेनने खूप विचार केला आणि म्हणाली, "माय शेठाणी इज हेल्दियर दॅन डोअर."

'अहमदाबाद इज बिगर दॅन वडोदरा' हे वाक्य तर आजवर एकाही बाईने न कुरकुरता म्हटलेलं नाही. व्याकरण बरोबर आहे, बेन, पण सारू नथी लागतू, असं सांगतात. चांगलं नाही वाटत.

या वर्गात मागच्या वर्षी मंदा आली. पस्तिशीची, सडपातळ, हळू बोलणारी. तिचा नवरा वाघोडियाच्या कारखान्यात पाळीवर कामाला, घरही तिकडेच. ती रोज सकाळच्या बसने बडोद्याला यायची आणि घडियाळी पोळात, जुन्या शहरातल्या एका अरुंद गल्लीत, शिर्केकाकींना सांभाळायची. काकी ऐंशीच्या पुढच्या. जुन्या लष्करी घराण्यातल्या, आवाजही तसाच. बाथरूममध्ये पडून त्यांचं डाव्या बाजूचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. मुलगा अविनाश अमेरिकेत. तो रविवारी मराठीत बोलायचा. रोजचा फोन मात्र सून करायची. तिचं नाव एमिली. ती तिकडचीच, एका दवाखान्यात नर्स, म्हणून सासूच्या प्रकृतीची जबाबदारी तिने आपल्याकडे घेतलेली. सकाळी कामावर जाताना ती गाडीतूनच फोन लावायची, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ असायची.

एक दिवस वर्ग सुटल्यावर मंदा मागे राहिली.

"ताई, माझी नोकरी जाणार."

"का गं?"

"एमिलीबाई चिडल्यात. मी रोज सांगते, शी इज बेटर. काल त्या म्हणाल्या, रोज बेटर, रोज बेटर, मग एव्हाना त्या गरब्यात नाचायला हव्या होत्या! अजून पलंगावर कशा?"

मला हसू आलं, पण मंदाच्या डोळ्यांत पाणी होतं. एमिलीने सांगून टाकलं होतं की ती आणि अविनाश दिवाळीत येणार आहेत. आईची खरी स्थिती कळत नसेल, तर त्या दोघांनी काकींना अहमदाबादच्या एका संस्थेत ठेवायचं ठरवलं होतं. तिथे शिकलेल्या नर्सेस आहेत, रोज इंग्रजीत माहिती देतात.

"मग खरं का सांगत नाहीस? तुला वाक्यं येतात की आता."

"काकी सांगू देत नाहीत ने."

मग मीच एका संध्याकाळी काकींकडे गेले. पोळात आत शिरलं की तिसरा ओटा. पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. मी ओळख सांगितली.

"तुम्हीच का त्या मास्तरीणबाई? माझ्या पोरीला दुपारचं पळवता?"

"तासाभराचं तर असतं, काकी."

"तास? तेवढ्यात माझा चहा चुकतो. बसा. मंदा, यांना चिवडा दे. लीलो दे, बाजारातला ओला, तो घरचा नको, त्यात मीठ नाही."

मी हळूच विषय काढला. काकींनी चिवड्याचा बकाणा संपवला आणि मला विचारलं, "तुमची आई कुठे असते?"

"होती, गावी."

"फोनवर काय सांगायची?"

"बरं आहे, म्हणायची."

"रोज?"

"रोज."

"मग?" काकी म्हणाल्या. "तिकडे बसलेल्या लेकराला 'पाय दुखतो' सांगून काय होणार? तो काय तेल चोळायला येणार आहे? त्याची भाकरी कडू करायची, एवढंच ना? आपलं माणूस लांब असलं की त्याला बरंच सांगायचं असतं. समोरचे पटेलभाई बघा. प्लॅस्टरमध्ये होते, दोन्ही पाय वर टांगलेले. मुलाने विचारलं, केम छो? म्हणे, मजामा!"

बरं सांगणाऱ्यांच्याच घरात मी वाढलेली. एवढंच म्हटलं, "काकी, पण एमिली नर्स आहे. ती रडणार नाही, उपाय सांगेल."

"ती नाही रडणार. पण संध्याकाळी घरी गेली की अवीला सांगेल. तो रडेल."

एवढ्यात फोन वाजला. मंदा घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी खूण केली, बोल. तिने स्पीकर लावला. एमिलीने जेवणाचं विचारलं. मंदा म्हणाली, "शी एट लेस दॅन येस्टरडे." मी मनात टाळ्या वाजवल्या. काकींना इंग्रजी येत नव्हतं, पण आपला एक शब्द त्या बरोबर ओळखायच्या. तो आला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मान उंच केली आणि पलंगावरून ओरडल्या, "बेटर! बेटर! एमिली, बेटर!"

तिकडून एमिली हसली, पण ते हसणं थकलेलं होतं. "थँक यू, आई," ती म्हणाली आणि फोन ठेवला. आई हा एक मराठी शब्द ती छान म्हणायची.

नंतर मंदाने एक युक्ती काढली. फोन आला की ती गॅलरीत जायची. पण पोळातली गॅलरी केवढी, आणि काकींचा आवाज केवढा! गॅलरीत मंदा "शी इज वीकर टुडे" म्हणते आहे आणि आतून "बेटर!" ऐकू येतंय, असं चालायचं. व्हिडिओवर बघू द्या, असं एमिली म्हणायची, तर काकी म्हणायच्या, अंगावर धड साडी नाही, मला नको तो तोंड दाखवायचा फोन. बिचारी एमिली कुणाचं खरं मानणार? शेवटी तिने मंदाला सांगितलं, तुझा काही दोष नाही, पण अहमदाबादची जागा मी सांगून ठेवली आहे.

हे काकींना मंदानेच सांगितलं. काकींनी एवढंच विचारलं, "अमदावाद?" आणि भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी मला निरोप आला, मास्तरीणबाईंना बोलवा.

"ऐंशी वर्षं बडोद्यात काढली मी," त्या मला म्हणाल्या. "आता अमदावादला मरायला जाऊ? तिथलं पाणीसुद्धा मला गोड लागत नाही. तुम्ही त्या एमिलीला इंग्रजीत सांगा, मी अगदी ठणठणीत आहे, कुठेही हलवायची गरज नाही."

"तेच तर तुम्ही रोज सांगताय, काकी."

"मग आणखी जोरात सांगा!"

नवरात्र संपलं, दसरा झाला. मंदा वर्गात आली की मी तिच्याकडून वाक्यं करून घ्यायची. वांगी-कुलपं संपल्यावर मी सगळ्यांना सांगितलं होतं की आता घरी आपल्या पेशंटकडे बघा. माणसाचं शरीर म्हणजे जोड्याच जोड्या. दोन डोळे, दोन कान, दोन हात, दोन पाय. हंसाबेनने येऊन सांगितलं की शेठाणीचा एक कान दुसऱ्यापेक्षा 'मोअर बहिरा' आहे. आम्ही खूप हसलो.

त्यानंतर दिवाळीच्या थोडं आधी, संध्याकाळी, मंदाचा मला फोन आला. "ताई, लगेच या."

मी पोचले तेव्हा तेलाची वाटी पलंगाखाली ठेवलेली होती. काकींचं पातळ गुडघ्यापर्यंत वर होतं आणि दोघींचं भांडण चाललं होतं.

"चोळ म्हणते ना! पोटरी भरून आलीय, चोळली की मोकळी होईल."

"मी नाही चोळणार. ताई, बघा ने. हा पाय बघा आणि हा बघा."

मी पाहिलं. नुसता डावा पाय पाहिला असता तर मला काही कळलं नसतं. म्हाताऱ्या माणसाचा पाय, थोडा सुजलेला, एवढंच वाटलं असतं. दोन्ही शेजारी पाहिले तेव्हा डावी पोटरी उजवीपेक्षा चांगलीच जाड दिसली. हात लावला तर गरमही. मंदाने मला बोलावलं होतं कारण तिला धीर हवा होता. फोनची वेळ झाली होती.

फोन वाजला. काकी म्हणाल्या, "मंदा, तुला माझी शपथ आहे. ते दोघं निघायच्या तयारीत असतील. आता काही बोललीस तर विमानात पाय ठेवल्यापासून अवी काळजी करेल. आणि वर मला सरळ अमदावादला नेतील. बेटर म्हण."

मंदा एवढी हळू बोलणारी बाई, पण या वेळी गॅलरीत गेली नाही. काकींच्या समोर, पलंगाच्या कडेलाच उभी राहिली. एक एक शब्द जपून ठेवल्यासारखा बोलली.

"मॅडम, टुडे वर्स. लेफ्ट लेग इज बिगर दॅन राइट लेग. लेफ्ट लेग इज हॉटर दॅन राइट लेग. रेडर ऑल्सो. येस्टरडे, सेम सेम. टुडे, बिगर."

पलंगावरून 'बेटर'ची आरोळी आली नाही. काकी मंदाकडे बघत राहिल्या होत्या.

तिकडे एमिलीचा आवाज एकदम बदलला. गाडी बाजूला लावल्याचं ऐकू आलं. "तेल लावलंस? चोळलंस?" मंदा म्हणाली, नो. "चोळू नकोस. चालवू नकोस. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या," एमिली म्हणाली. मग मी फोन घेतला, तेव्हा मला म्हणाली की हाडाच्या ऑपरेशननंतर पायात रक्ताची गाठ होऊ शकते, ती वर सरकली तर जिवावर बेतते.

अँब्युलन्स पोळाच्या तोंडाशी थांबली, आत येणं शक्यच नव्हतं. जवळच दुकान असलेले आमचे बांगडीवाले आणि पटेलभाई, ज्यांचे पाय आता खाली उतरले होते, सगळे धावले. काकींना पाय लांब ठेवून आरामखुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचललं. वाटभर खुर्चीतून हुकूम चालू होते. "अरे, हळू! खुर्ची शिसवी आहे, भिंतीला घासू नका. पटेलभाई, तुम्ही सोडा, तुम्हीच पडाल."

गाठच होती. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. चोळलं असतं तर काही सांगता आलं नसतं, हेही म्हणाले. इंजेक्शनं सुरू झाली आणि काही दिवसांत पाय पूर्वीसारखा दिसायला लागला.

दवाखान्यात काकी मंदाशी बोलत नव्हत्या. मंदा उशाशी उभी असायची आणि काकी मला सांगायच्या, "मास्तरीणबाई, हिला म्हणावं, पाणी हवंय." मंदा पाणी द्यायची. "हिला म्हणावं, गार आहे." मंदा गरम करून आणायची. तिसऱ्या निरोपाला मी म्हटलं, काकी, मी शिकवते इंग्रजी, हे मराठी ते मराठी भाषांतर मला जमत नाही. तेव्हा त्यांना हसू आलं, पण मंदाकडे बघून त्या हसल्या नाहीत. शपथ मोडल्याचा राग होता, आणि त्याहून जास्त अहमदाबादची भीती. आता खरं कळलंच आहे तर नेतीलच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मंदाही तसंच धरून होती. "काकी वाचल्या, ताई, बस," ती मला म्हणाली. "मला दुसरीकडे मिळेल काम." पण हे म्हणताना ती काकींच्या साडीची पुन्हा पुन्हा घडी घालत होती.

काकी घरी आल्या आणि दोन दिवसांनी एमिली आणि अविनाश आले. मला दुभाषी म्हणून बोलावलं. एमिली उंच, हसरी, पंजाबी ड्रेस घातलेली. आल्या आल्या तिने काकींचे दोन्ही पाय तपासले आणि मग मंदाला जवळ घेतलं. मंदा लाकडासारखी ताठ उभी राहिली. अविनाश आईच्या पायाशी बसला.

"बारीक झालास," काकी म्हणाल्या.

"कुठे? तुला वाटतं. मी मजेत आहे."

"मनगटातलं घड्याळ फिरतंय."

"नवीन आहे, आई. पट्टा मोठा आहे."

स्वयंपाकघराच्या दारात मंदा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. समोरच्या भिंतीवर अविनाश आणि एमिलीचा जुना फोटो होता. तो रोज पुसायचं काम तिचंच. तिने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा अविनाशकडे, आणि वर्गात बोलावं तशी सहज बोलून गेली, "सर इज थिनर दॅन फोटो. पेलर ऑल्सो."

अविनाशने घड्याळाचा हात मागे घेतला. मंदाला वाटलं आपलं इंग्रजी चुकलं. एमिलीने नवऱ्याकडे पाहिलं. "टेल हर," ती म्हणाली.

अविनाशने मान खाली घातली. मग एमिलीने मला सांगितलं आणि मी काकींना. उन्हाळ्याआधी अविनाशच्या छातीत दुखलं होतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये नळ्या बसवल्या होत्या. आता धोका नाही, पण रोज चालायचं, तेल-तूप कमी, आणि तो चालायला टाळाटाळ करतो. आईला कळू नये म्हणून तोही व्हिडिओ लावत नव्हता. नेट चालत नाही, म्हणायचा.

आयुष्यात बरीच भाषांतरं केली, पण असं अवघड कधी केलं नव्हतं. काकींनी सगळं शांतपणे ऐकलं.

"आणि दर रविवारी मला काय सांगत होतास?"

"मजेत आहे, म्हणून," अविनाश खाली बघत म्हणाला. मग त्याने मान वर केली. "आणि तू काय सांगत होतीस?"

काकींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आधी त्यांच्या गळ्यातून एक विचित्र आवाज आला, मला वाटलं रडतायत. हसत होत्या. अविनाशही हसायला लागला. एमिलीला काही कळलं नाही, ती मला विचारत राहिली, काय झालं, काय झालं.

चहा झाल्यावर काकींनीच विषय काढला. "अमदावादचं काय ते आता सांगून टाका."

एमिली म्हणाली की अहमदाबादच्या विमानतळावरून इकडे येतानाच ते ती जागा बघून आले. जागा या घरापेक्षा मोठी आहे, स्वच्छ आहे, नर्सेसचं इंग्रजीही मंदापेक्षा फार चांगलं आहे. काकींचा चेहरा उतरला. "मी तिथल्या एका नर्सला एका आजोबांबद्दल विचारलं, कसे आहेत," एमिली पुढे म्हणाली. "ती म्हणाली, ऑल फाइन. दुसऱ्या आजींबद्दल विचारलं. ऑल फाइन. मी निघून आले."

मग ती मंदाकडे वळली आणि सावकाश, शब्द सुटे करून, म्हणाली, "यू स्टे. प्लीज."

मंदाने माझ्याकडे पाहिलं. हे भाषांतर करायची गरज नव्हती. ती ट्रे उचलून आत गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

काकी मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. "मास्तरीणबाई, हिला सांगा," त्या एमिलीकडे बोट करून म्हणाल्या. "माझी खबर घ्यायला तिने मंदा ठेवली. माझ्या मुलाची खबर मला कोण देणार?"

मी सांगितलं. एमिलीने आधी छातीवर हात ठेवला, मग काकींचा हात हातात घेतला. "आय विल," ती म्हणाली.

आता बडोद्यात थंडी सुरू झाली आहे. फोन रोज येतो, व्हिडिओवर येतो, आणि दोन्ही बाजूंनी बातमी चालते. मंदा काकींचं सांगते, मग एमिली अविनाशचं सांगते आणि मंदा ते काकींना मराठीत सांगते. वाक्यं अजून चुकतात. 'मोअर बेटर' अधूनमधून येतंच. वर्ग लहान झाला आहे, नव्या मुली फोनवरच्या अ‍ॅपवर शिकतात, फुकट आणि घरबसल्या. शिकू देत. मला एवढीच हळहळ वाटते की ते अ‍ॅप कुणाला "काय झालं गं?" असं विचारत नाही.

परवा मी काकींकडे गेले तेव्हा फोन चालू होता. काकी वॉकर धरून पलंगापासून ओट्याच्या दारापर्यंत चालत होत्या, पहिल्यांदाच एवढ्या लांब. शेजारी मंदा, तिच्या हातात फोन, आणि फोनमध्ये अविनाश त्याच्या घरातल्या चालण्याच्या मशीनवर. दोघांनी एकमेकांना घातलेली अट ती. तू चाललीस तर मी चालेन, तू चाललास तर मी. दारापाशी पोचल्यावर काकींना धाप लागली. मी खुर्ची पुढे केली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. नजर फोनवर होती.

"मंदा, फोन नीट धर," त्या म्हणाल्या. "तो बसला बघ! एमिलीला सांग, उठव म्हणावं त्याला. मी अजून उभी आहे."